एक्केचाळीस लाल टाके

५ फेब्रुवारी

ताई,

पाकीट फोडायच्या आधीच अक्षर ओळखलं असशील, आणि 'ही बया आता कुठून उगवली' असं म्हणालीही असशील. म्हण. दोन वर्षं चार महिन्यांनी लिहितेय, तेव्हा तेवढं ऐकून घ्यायची तयारी ठेवूनच बसलेय.

आम्ही मजेत आहोत. ह्यांची बेकरीतली पहाटेची पाळी सुटली, आता दिवसा जातात. माझं रफूचं काम तर विचारूच नकोस. मास्तरांचे डोळे गेले, म्हणजे आंधळे नाही झाले ग, पण बारीक काम होत नाही त्यांच्याने. सगळं माझ्याकडे येतं. गेल्या आठवड्यात एक गायक आला, काळ्या कोटाला सिगारेटचं भोक, तेही ऐन छातीवर. मी कोटाच्या आतल्या दाबातून, शिवणीत दुमडलेल्या कापडातूनच धागे काढले, उभे भरले, आडवे विणले, वाफ दिली आणि कोट त्याच्या हातात ठेवला. तो म्हणतो, "बाई, हा दुसऱ्या कुणाचा तरी कोट दिलात." मास्तर इतके हसले की ठसका लागला. दुकानात माझी पैज अजून लागू आहे, रफू शोधून दाखवा. अजून कुणी मायेचा पूत निघाला नाही.

बटण उत्तम. तू ठेवलेलं नाव असं चिकटलंय की शाळेतल्या नावाने हाक मारली तर ती वळूनही बघत नाही. सात वर्षं चार महिन्यांची झाली. उंच झालीय, नाक तुझ्यावर गेलंय, वाचते तर अशी फडाफड की वर्गशिक्षिका तिला इतर मुलांना धडा वाचून दाखवायला उभी करतात.

एक बारीकसं विचारायचं होतं. तिच्या पाचव्या वाढदिवसाला तू पिवळा फ्रॉक आणला होतास. तीन दिवसांनी ते जे काही झालं, तेव्हा खोलीत तुम्ही दोघीच होतात, मी दुकानात होते. ती नक्की काय बोलली, तिचे शब्द, आठवतायत का? दोन ओळी लिहिल्यास तरी चालतील. डॉक्टरांना हव्यात. काळजीचं काही नाही, नेहमीचीच तपासणी आहे.

तुझी,
धाकटी

१९ फेब्रुवारी

ताई,

मी एवढं पानभर लिहिलं आणि तुझं उत्तर काय, तर कार्डावर एक ओळ. 'कोणते डॉक्टर? खरं लिही.' वाचनालयात पुस्तकांच्या पाठीवर चिठ्ठ्या चिकटवून चिकटवून तू आता माणसांशीही चिठ्ठीतच बोलायला लागलीस. अशा मिरच्या झोंबल्या मला! दोन दिवस कार्ड पालथं घालून ठेवलं होतं.

खरं हवंय ना? घे.

गेल्या वर्षी शाळेतून बोलावणं आलं. बटण लिहिता लिहिता थांबते, भिंतीकडे बघते, ओठ हलवते. वर्गशिक्षिका म्हणाल्या, हुशार आहे पण चंचल आहे, लक्ष नाही. कानाच्या डॉक्टरांकडे नेलं, ते म्हणाले कान तुमच्यापेक्षा चांगले आहेत. मग डोक्याला तारा चिकटवून आलेख काढला, झटके तर येत नाहीत ना ते बघायला. तोही स्वच्छ. आमचे नेहमीचे डॉक्टर म्हणाले, "एकटं मूल आहे, मनात एखादी मैत्रीण केली असेल. तुम्ही हिला एक भावंड आणा." मला एवढा संताप आला की छत्री तिथेच विसरले, आणि परत आणायलाही गेले नाही.

शेवटी मुलांच्या मनाच्या डॉक्टरीणबाईंकडे गेलो. आठ महिने जातोय. त्या बाईंना घाई म्हणून ठाऊक नाही. मी पहिल्याच दिवशी विचारलं, काय झालंय ते एका शब्दात सांगा. त्या म्हणाल्या, "सहा वर्षांच्या मुलीला मी एका भेटीत नाव चिकटवणार नाही. कितीतरी मुलं नसलेल्या माणसांशी बोलतात आणि मोठी होऊन बँकेत नोकरी करतात. घाबरलेलं मूल, झोप न झालेलं मूल, झटके येणारं मूल आणि खरोखर आजारी असलेलं मूल, बाहेरून चौघं सारखीच दिसू शकतात. रक्त तपासून हे कळत नाही. घरच्यांनी काय पाहिलं, तेच माझं यंत्र."

आणि सांगू, बटण तिथे इतकी शहाण्यासारखी वागते! "कुणी नसताना आवाज ऐकू येतात का?" "नाही." "कुणी काही करायला सांगतं का?" "आई सांगते. गृहपाठ कर." डॉक्टरीणबाईंनाही हसू आलं. मला असं वाटलं, शाब्बास माझी पोर! आदल्या संध्याकाळची तयारी फुकट गेली नाही.

तयारी म्हणजे काय, तर मी प्रश्न विचारते आणि ती उत्तरं देते. पाढ्यांसारखं. परक्या माणसासमोर नीट बोलायला प्रत्येक आई शिकवते. तू आता काय म्हणते आहेस ते मला इथे बसून ऐकू येतंय. गप्प बस जरा.

आता त्या जुन्या गोष्टी विचारतायत, अगदी सुरुवातीच्या. म्हणून तुला विचारलं. लिहिणार आहेस की नाही?

धाकटी

४ मार्च

ताई,

आज तुझ्या उत्तराची वाट बघत नाहीये. मला कुणाला तरी सांगायचंय आणि ह्यांना सांगायची छाती होत नाही.

बटण कपड्यांना भोकं पाडते. तू पाहिलंस ते पहिलं होतं, शेवटचं नव्हतं. शाळेतल्या हस्तकलेच्या कात्रीने पाडते, कात्री काढून घेतली तर दाताने. नेहमी एकाच ठिकाणी, डावीकडे काखेच्या चार बोटं खाली, वाटाण्याएवढं. आणि मी ती बुजवते. त्याच दिवशी, ह्यांची पाळी सुटायच्या आत. दाबातून धागे घेते, उजेडासमोर धरून विणते, वाफ देते. कुणालाच दिसलं नाही, ताई. शाळेला नाही, धुण्याच्या बाईला नाही, ह्यांना तर नाहीच.

काल डॉक्टरीणबाईंनी बटणला सहज विचारलं, आज फ्रॉक कुठला घातलायस. बटणने निळ्या फ्रॉकवर बोट ठेवलं आणि म्हणाली, "इथे भोक होतं. आतल्यांसाठी. आईने पुसलं."

हे उत्तर आम्ही बसवलेलं नव्हतं.

डॉक्टरीणबाई उठून तिच्याजवळ आल्या. कापड बोटात धरलं, खिडकीशी नेलं, चष्मा वर करून पाहिलं, मग टेबलाच्या खणातलं भिंग काढून पाहिलं. त्यांना काही सापडलं नाही. भिंगातूनही नाही! त्या क्षणी मला काय वाटलं ते तुला सांगते, कारण दुसऱ्या कुणाला सांगता यायचं नाही. मला अभिमान वाटला. माझी पोर समोर उभी, आणि मी मनात म्हणतेय, बघा, भिंग लावून बघा, नाही सापडायचं.

मग त्यांनी माझ्याकडे बघून विचारलं, "इथे कधी भोक होतं?"

मी म्हटलं, "नाही हो."

त्यांनी मान हलवली आणि वहीत लिहिलं. मला उलटं वाचता येतं, मास्तरांची पावती मी रोज उलटीच वाचते. 'नसलेलं भोक दिसतं, ते पुसलं गेल्याचं सांगते.' माझ्या मुलीने जे खरं सांगितलं, तेच तिच्या आजाराची खूण म्हणून लिहिलं गेलं.

जिन्यावरून उतरताना बटणने माझा हात धरला. "आई, भोक होतं ना?" मी म्हटलं, "चल, बस येईल." ती बसमध्ये पुन्हा म्हणाली, "आई, होतं ना? का मला नुसतं वाटलं?" ताई, तिला नसलेलं ऐकू येतं, आणि असलेलं काय ते तिने मला विचारलं. मी खिडकीबाहेर बघत बसले.

संध्याकाळी अंघोळ घालताना त्याच जागी, कातडीवर, बारीक लाल ओरखडा दिसला. मी विचारलं हे काय. म्हणाली, "कापड पुरत नाही म्हणतात ते."

मला कापड सांधता येतं. याच्यापुढे मला काही येत नाही.

धाकटी

२१ मार्च

ताई,

तुझी दोन पानं मिळाली. डॉक्टरीणबाईंना दाखवली. त्याआधी काय झालं ते क्रमाने सांगते.

मी तुला पत्र लिहिलं त्याच्या दुसऱ्या दिवशी दुकानाला दांडी मारली. आठ वर्षांत पहिली. बटणचे सगळे कपडे काढले, लहान झालेलेही, तुला माहीत आहे मी चिंधीसुद्धा टाकत नाही. खिडकीशी बसले आणि माझे रफू मीच शोधायला लागले. पैज मीच जिंकू शकत होते! डोळ्यांनी मलाही दिसेनात, एवढे चांगले आहेत. मग डोळे मिटून बोटाच्या टोकाने शोधले, आणि सापडला की त्यावर एक लाल टाका. भडक लाल, आंधळ्याला दिसेल असा.

बटण शाळेतून आली आणि दारातच उभी राहिली. मी तिला जवळ बसवलं आणि म्हटलं, "होतं. सगळी होती. तू पाडलीस आणि मी बुजवली, आणि डॉक्टरीणबाईंना मी खोटं सांगितलं." ती एकेका लाल टाक्यावर बोट ठेवत गेली. शेवटच्या फ्रॉकपाशी पोचली आणि म्हणाली, "बघ, मी खोटं बोलत नव्हते." आणि अशी ताठ मानेने स्वयंपाकघरात पाणी प्यायला गेली ना, तू असतीस तर म्हणाली असतीस, ही तुझीच कार्टी.

हे आले तेव्हा कपडे पलंगभर पसरलेले होते. मी सगळं सांगितलं. मला वाटलं आरडाओरडा करतील. ते एकेक फ्रॉक हातात घेऊन बघत राहिले. "मला एकही दिसला नाही ग," एवढंच म्हणाले. रडले ते. मग मोजायला बसले, आणि एक्केचाळीस भरले.

पिशवी घेऊन आम्ही तिघं गेलो. डॉक्टरीणबाईंनी खुर्च्या बाजूला सारल्या आणि कपडे जमिनीवर ओळीने मांडले. मी सांगत गेले आणि त्या लिहीत गेल्या. फ्रॉकच्या मापावरून वय कळतं, आणि माझा हात कसा सुधारत गेला त्यावरून महिना. पहिल्या वर्षी मी धागा थोडा ओढून घ्यायची, ती सवय मास्तरांनी मोडली, त्यानंतरचे रफू सपाट आहेत. पाच वर्षांची असताना चार. सहाची असताना बारा. सातवा वाढदिवस झाल्यापासून पाच महिन्यांत पंचवीस.

मग डॉक्टरीणबाईंनी मला झापलं, हो, चांगलंच. "आठ महिने, बाई! आठ महिने मी अंधारात चाचपडत होते आणि तुम्ही दिवा पदराखाली धरून समोर बसला होतात." मी ऐकून घेतलं. तू विश्वास ठेवणार नाहीस, पण मी एक शब्द उलट बोलले नाही.

मग त्या बटणसमोर उकिडव्या बसल्या. वही उघडली, ती ओळ दाखवली आणि तिच्यादेखत खोडली. "माझी चूक झाली. भोक होतं." आमच्या बाईसाहेबांनी मान डोलावली, माफ केल्यासारखी. आणि मग आपण होऊन सांगायला लागली. आतले कोण, किती, केव्हा बोलतात, काय सांगतात. मी तोंडात बोट घातलं होतं, अक्षरशः. चाळीस मिनिटं ती बोलली, पढवलेला एकही शब्द नाही.

तुझी पानं त्यांनी दोनदा वाचली. 'मावशी, हळू बोल. आतल्यांना बाहेर यायचंय, मी दार करतेय.' आणि तू खाली लिहिलंयस, 'ती खेळत नव्हती. खेळताना ती माझ्याकडे बघून हसते. त्या दिवशी कुणीतरी सांगितलेलं काम करावं तशी करत होती.' डॉक्टरीणबाईंनी त्या ओळीखाली रेघ ओढली. म्हणाल्या, "हे ज्यांनी लिहिलं त्यांना बघायची नजर आहे." मी म्हटलं, "माझी थोरली बहीण आहे." तोऱ्यात म्हटलं. हक्क नसताना.

त्यांनी नाव सांगितलं. स्किझोफ्रेनिया. एवढ्या लहान वयात फार क्वचित, म्हणून कागदावर पुढे प्रश्नचिन्ह ठेवलंय, आणि ते खरंच आहे, आम्हाला बरं वाटावं म्हणून नाही. शाळेची भीती असती तर सुट्टीत भोकं थांबली असती, पण सुट्टीतही आहेत. तापाशी, झोपेशी मेळ बसत नाही. वाढत गेलीयत. तरी आणखी दोन तपासण्या, दुसऱ्या डॉक्टरांचं मत, आणि वर्षभर नोंद. नाव बदलूही शकतं म्हणाल्या. पण आवाज काय सांगतात ते कळल्यावर आणि तो ओरखडा पाहिल्यावर औषध लगेच सुरू केलंय, अगदी थोडं.

आता तुझं. त्या दिवशी तू एवढंच म्हणाली होतीस की हिला कुणाला तरी दाखव. आणि मी तुला म्हणाले, 'जिची कूस उजवली नाही तिने मला पोरं शिकवू नयेत.' तुझी बॅग भरताना मी दारात उभी होते आणि थांब म्हटलं नाही. ते बोलताना माझी जीभ का झडली नाही? बटणला तू पाच वर्षं पाहिलंस आणि मी नुसती मिरवली. मला माफ कर असं म्हणायलासुद्धा तोंड नाही, तरी म्हणते. माफ कर.

धाकटी

१६ जून

ताई,

कार्ड मिळालं. 'माफ केलं. बटण कशी आहे?' पुन्हा एक ओळ! पण हे कार्ड मी आरशाच्या कडेला खोचून ठेवलंय, सगळ्यांना दिसेल असं.

बटण कशी आहे ते सांगते. पहिल्या महिन्यात औषधाने नुसती झोपायची, वर्गात बाकावर डोकं टेकून. मग भूक सुटली. आता फ्रॉक शिवताना चार बोटं जास्त कापड घेते मी. दुसऱ्या डॉक्टरांनी पाहिलं, त्यांचंही मत साधारण तेच पडलं, तरी प्रश्नचिन्ह अजून आहे. आतले अजून आहेत. हे पूर्ण बरं होईल, थोडंच बरं होईल, की जन्मभर राहील, मला कुणी सांगत नाही. पूर्वी मी असल्या उत्तराला दाराबाहेर काढलं असतं. आता डॉक्टरीणबाई 'ठाऊक नाही' म्हणाल्या की मला त्यांच्यावर जास्त विश्वास बसतो.

वर्गशिक्षिकांनाही सांगितलं. मी स्वतः गेले आणि सांगितलं. शेजारणीने विचारलं, मुलीला कसलं औषध चालू आहे, तर तिलाही सांगितलं. तिने तोंड असं केलं, जणू मी तिच्या ताटात काही टाकलं. मी म्हटलं, आजार आहे, चोरी नाही केलेली. आणि मान वर करून निघून आले. पदराखाली मात्र भिजले होते घामाने.

पण हे सगळं सोड. परवाचं ऐक.

दुपारची वेळ. मी दुकानातून काम घरी आणलं होतं, एका म्हातारबाबांचा लोकरी कोट, सुईत धागा ओवत होते. बटण आतून आली. हातात कात्री, हस्तकलेची, पिशवीतून कशी काढली देव जाणे. ती माझ्यासमोर उभी राहिली आणि कात्री माझ्यापुढे धरली. मूठ माझ्याकडे, टोक स्वतःकडे, मी शिकवलंय तशी. म्हणाली, "आई, ते म्हणतायत काप. मी म्हटलं, थांबा, आधी आईला सांगते."

मी कात्री घेतली आणि विचारलं, "मग काय म्हणाले ते?"

"चिडले. पण थांबले."

ताई, मी लोकांच्या कोटांवरून किती मिरवले आयुष्यात. त्या गायकाचा, मास्तरांनी पाठ थोपटली तो, अजून कितीतरी. सगळे एकीकडे. सात वर्षांची पोर, तिच्या डोक्यात कुणीतरी ओरडतंय, आणि ती त्यांना म्हणते थांबा. आणि चालत आईकडे येते. सांग मला कुणाची पोर आहे अशी! मी तिला उचलून घेतलं, वजन वाढलंय, कंबर धरली, तरी सोडलं नाही. हे आल्यावर त्यांना सांगितलं, मग मास्तरांना, मग डॉक्टरीणबाईंना. बसमध्ये शेजारी बसलेल्या एका अनोळखी बाईलाही सांगणार होते, ह्यांनी कोपर मारलं म्हणून राहिले.

सोबतच्या पुडक्यात पिवळा फ्रॉक आहे. डॉक्टरीणबाईंनी त्याचा फोटो काढून परत दिला. पहिल्या वर्षाचा असूनही माझा सगळ्यात चांगला रफू त्याच्यावर होता, का ते मला आता कळतं, तुला खोटं पाडायचं होतं ना. काल मी तो उसवला. आयुष्यात पहिल्यांदा स्वतःचं काम स्वतः उसवलं. एकेक धागा सुईने उचलून काढला, बटण शेजारी बसून मोजत होती. आता डावीकडे काखेच्या खाली भोक आहे, त्या दिवशी होतं तसंच. बोट घालून बघ. तू पाहिलं होतंस ते खरं होतं.

शाळा नुकतीच सुरू झालीय, पण तू सुट्टीची वाट बघू नकोस. तुझी खाट तिथेच आहे, तिच्यावर कपड्यांचे ढीग असतात, ते हलवीन. ये.

खालची ओळ बटणची आहे. मी काही सांगितलेलं नाही, शपथ.

तुझी,
धाकटी

*मावशी, हे भोक मी पाडलंय. आईला बुजवू देऊ नकोस. — बटण*